स्वैपाकघराची मधली भिंत

आई, तुझ्या स्वैपाकघराची मधली भिंत मी पाडली. आधी हेच सांगून टाकते, बाकीचं सगळं त्यातनंच निघालंय. इकडं तुझा ओटा आणि तिकडं मागची मटणाची चूल, त्यांच्या मधली ती भिंत. गवंडी लावला नाही, मीच पाडली. मोबाईलवर व्हिडिओ बघितले, मंगळवार पेठेतनं छिन्नी-हातोडा आणला, छपराचे वासे तिच्यावर टेकलेले नाहीत एवढं शिडीवर चढून बघितलं आणि सुरू झाले. पहिल्या घावाला नुसता गिलावा पडला. खाली पिवळा रंग, त्याच्याखाली निळा. तो निळा मला आठवतो, तू होतीस तेव्हाचा. तिथं हात थांबायला पाहिजे होता काय? थांबला नाही. उलट जोर आला.

जोर का आला ते तुला कळेल असं मला वाटत होतं. तुझ्या गळ्यात तुळशीची माळ, माहेराहून घालून आलेली, आणि हे घर कसलं, तर एका रविवारी मटणाचा वास आला नाही तर घरात कोण आजारी आहे काय म्हणून शेजारी विचारायला येणार. मला लहानपणापासनं वाटायचं, या लोकांनी तुला भिंतीआड टाकलंय. पलीकडं आत्या, अप्पा, येणारे-जाणारे, सगळे खिदळतायत, रस्सा उकळतोय, आणि अलीकडं तू एकटी भाकरी थापतेयस. कुणी पलीकडनं अलीकडं आलं की "हात धुऊन ये, मग शिव," एवढंच तुझं बोलणं. एक दिवस मी शाळेतनं येते, दप्तरासकट तुझ्या दाराशी जाते, तर दार आतनं लावलेलं. मी थापा मारते. तू दार उघडत नाहीस. आतनं म्हणतेस, "थांब जरा. आत्ता मी कुणाची न्हाय." फटीतनं बघते तर तू भिंतीला पाठ लावून बसलीयस, बशीत चहा ओतलाय आणि त्याच्यावर फुंकर मारतेयस. हळू, कसलीच घाई नसल्यासारखी. मला रडू आलं होतं. आई दुःखात आहे, एवढंच माझ्या डोक्यानं त्यातनं काढलं. कॉलेजात त्या भिंतीवर मी एक गोष्टपण लिहिली. तिच्यात तू कोंडलेली बाई होतीस. लोकांना लई आवडली, बक्षीसपण मिळालं.

तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी अप्पांनी रिवाज मोडला नाही. मटण मागंच शिजायचं, मागंच खायचं, तिकडचा चमचासुद्धा इकडं नाही. आता घरात आम्ही दोघंच. दोघांसाठी दोन चुली आणि मधी भिंत, याला काय अर्थ आहे, असं मी म्हणायची. ते "व्हय" म्हणायचे. मी ते व्हय खरं धरलं.

पाडत होते तेव्हा ते पुढच्या सोप्यात पेपर धरून बसले होते. अर्धी भिंत आली खाली. विटांच्या ओळी अशा वाकड्या की हसू यावं, मधी मधी नुसता चिखल भरलेला. मी ओरडले, "अप्पा, कुठला आंधळा गवंडी गावला होता ओ तुम्हाला? ओळंबा तरी लावायचा की!"

"शिकाऊ हुता," अप्पा म्हणाले. मग थोड्या वेळानं, "इचारायला पायजे हुतं पोरी."

"कुणाला?"

त्यांनी पेपरचं पान उलटलं. संध्याकाळी ताट उचललं आणि सोप्यात जाऊन जेवले. दुसऱ्या दिवशीपण तेच. मी म्हणलं, धूळ आहे म्हणून असेल. फरशी पुसली, ओटा पुसला, पाट मांडला. "असू दे, हितं बरं हाय," म्हणाले. आता रोज तिथंच जेवतात, सोप्याच्या भिंतीकडं तोंड करून, पावण्यासारखे. त्यांना जेवण जात नाही हे मला दिसतंय. भाकरीचा अर्धा तुकडा ताटात राहतो.

रविवारी शिरोळची आत्या आली. दारातनंच तिचा आवाज. "अगं बया! घर हाय का यस्टी स्टँड?" पण रागात नाही, खुशीत. मागच्या चुलीवरचं पातेलं तिनं उचललं आणि जिथं भिंत होती तिथनं सरळ चालत आली, आणून तुझ्या ओट्यावर ठेवलं. परत मागं गेली. परत आली. नवीन रस्त्यावरनं चालून बघतात तशी.

"ब्येस केलंस. ह्या घरात जलमलो, पर भिंत उठल्यापास्नं तुझ्या आईनं हितं पाऊल टाकू दिलं न्हाय मला."

मी म्हणलं, "आत्या, भिंत तर तुम्हीच घातली ना? तिच्या माळेमुळं?"

"आमी?" ती हसायलाच लागली. "आमी कशाला घालतोय! तिनं घालून घेतली की. मी असंच पातेलं आणून तिच्या ओट्यावर ठेवलं, तर बाई उपाशी बसली. भांडण न्हाय, रडणं न्हाय, नुसती बसली. आन ह्यो तुझा बाप, बायकूचा बैल! गवंडी कुठला आणतोय, सोताच्या हातानं विटा रचत बसला. आमी लई हसलो. मी म्हणलं, वैनी, माळ आमालाबी कळती, पर एवढी भिंत? तर म्हणती कशी, वन्सं, माळेचं निमित्त हाय. मला दार लावून बसायला एक जागा पायजे."

सोप्यात अप्पा खोकले. आत्यानं आवाज कमी केला नाही.

आई, ती गोष्ट, ते बक्षीस, तो पहिला घाव, सगळं एकदम अंगावर आलं. या अख्ख्या घरात तू एकच गोष्ट मागून घेतलीस आणि त्या माणसानं ती हातानं बांधून दिली, वाकडी का होईना. आणि मी तुला सोडवायला निघाले होते. आत्यापेक्षा वेगळं काय केलं मी? तिनं पातेलं आणून ठेवलं, मी हातोडा आणला. विचारलं दोघींनी नाही.

काल परसात गेले तर अप्पा राडारोड्यातनं अख्ख्या विटा निवडत होते. कडेचा चिखल खुरप्यानं खरवडायचा, वीट पाण्यात बुडवायची, रचायची. कमरेपर्यंत ढीग लागला होता. माझ्याकडं न बघता म्हणाले, "निम्म्यावर निघाल्यात. बाकीच्या आणू. आता ओळंबा लावून घालू, तू धर, मी लावतो."

मी म्हणलं, "बघू."

हे सगळं लिहून त्यांना वाचून दाखवायचं, म्हणून बसले होते. माफी मागितल्यासारखं होईल, ते परत आत येऊन जेवतील. पण आता दाखवणार नाही. कारण खरं असं आहे की परवा सकाळी मी त्या मोकळ्या जागेत उभी होते, परसातलं ऊन थेट ओट्यापर्यंत आलं होतं, मागनं वारं येत होतं, आणि मला बरं वाटलं. तुझं काय मोडलं ते कळल्यावरसुद्धा बरं वाटलं. अप्पा उद्या परत विचारतील. मी परत बघू म्हणेन, आणि ते विटा धूत राहतील. त्यांना सांगायचं धाडस नाही, म्हणून तुला सांगते. मला ती भिंत नकोय, आई. तुझी होती तरी नकोय.