खाटेखालच्या नळ्या

चोपडा तालुका, १९९१

तडवी भाऊसाहेब,

ठिबकच्या सरकारी अनुदानाचा चेक आज हातात पडला.

तुम्ही तपासणीला आलात तेव्हा माझ्या केळीत एकही नळी नव्हती. उन्हात खराब होतील म्हणून मी शहाणीने त्या खाटेखाली जपल्या होत्या. वर सगळ्या घरात आहेत म्हणून तोऱ्यात सांगितलं, "बठ्ठ्या घरमा शेतस, भाऊ!"

"अक्का, मग मला 'ठिबक बसवलेलं नाही' असं लिहावं लागेल," म्हणालात. पण लिहिलं नाहीत. बूट काढून संध्याकाळपर्यंत माझ्यासोबत नळ्या अंथरल्यात, प्रत्येक झाडाशी पाणी ठिबकताना पाहिलंत आणि मगच सही केलीत.

तपासायला आलेल्या साहेबानेच ठिबक बसवून दिलं, हे ऑफिसात कळलं तर तुमच्यावर बालंट यायचं. म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही. खाटेखाली आता जागा आहे, तिथेच जपते.

तुमची अक्का,
धुरपदाबाई