अण्णांच्या पानावरची फुलकोबी

४ डिसेंबर, गुरुवार

पुरवणीवाल्या बाई रजेवर. म्हणून संपादकांचा फोन मला. जिल्हा परिषद, अपघात आणि सोयाबीनचे भाव यांत अर्धे आयुष्य घालवलेल्या वार्ताहराला आज्ञा झाली: "थंडी पडलीय, फुलकोबीवर लिहा. खावी का, कशी करावी. चविष्ट पाहिजे."
म्हटले, मला आवडत नाही.
"जिल्हा परिषद तरी कुठे आवडते?"
वही उघडली.
सौ. ऐकत होती. म्हणाली, "लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात फुलकोबी शिजली नाही. अन् आता तुम्ही लोकांना शिकवणार."
खरे आहे. आजोबांचा, म्हणजे आबांचा, नियम. परदेशी भाजी, शिजताना घरभर वास, सोवळ्याला चालत नाही. आजोबा गेले, सोवळे गेले, मिक्सर आला, गॅस आला. नियम तेवढा टिकला. आमच्या घरात टिकाऊ वस्तू फार नाहीत, त्यामुळे कौतुक.

५ डिसेंबर, शुक्रवार

पाटणी चौकातून येताना एक गड्डा घेतला. पिशवीत वर मेथी ठेवून आणला, जसे कोणी इंग्रजी बाटली आणतो. आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. पिशवीकडे न बघता म्हणाली, "फुलगोबी आणलीस."
मी वरची मेथी सारखी केली.
"तुझे अण्णा खायचे ना."
मला माहीत होते. अण्णा, माझे वडील, केनवडच्या शाळेवर संस्कृत शिकवायचे. सोमवारी जायचे, शनिवारी यायचे. आठवडाभर जेवण तिथल्या मित्राच्या, किसनकाकांच्या घरी किंवा त्यांच्या मळ्यात. मी दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा सोबत गेलो होतो, मळ्यातल्या आरात, निखाऱ्यांत, भाजलेली फुलकोबी खाल्ली होती. परत येताना एस.टी.त अण्णा एवढेच म्हणाले होते: घरी सांगायची गरज नाही. इतकी वर्षे मी ते गुपित सांभाळले.
आई म्हणाली, "त्यांचा तो वासाचा मफलर कोण धुवायचं?"

६ डिसेंबर, शनिवार

किसनकाकांना फोन करायचा होता. मग आठवले, आज सहा डिसेंबर. ते विहारात असतील. उद्या-परवा.
दुपारी आई आपणहून बोलली. गेल्या पौषात, अण्णांची तोंडाची चव गेली होती तेव्हा, तिने विचारले, काय खावंसं वाटतं. अण्णा खिडकीतून बघत होते. खाली हातगाडी उभी होती, पांढऱ्याशुभ्र गड्ड्यांची. म्हणाले, काही नको.
"मला दिसत होतं ते कुठे बघून राहिले ते. त्यांनी मागितली नाही, मी विचारली नाही. दोघं नियम पाळत बसलो."
मग तांदळातला खडा काढला आणि म्हणाली, "सप्तमीला वर्षश्राद्ध आहे. त्यांच्या पानावर फुलगोबी वाढायची. मी करीन. कशी लागायची रे ती?"
मला नीट सांगता आले नाही. धूर, जवसाची चटणी, बोटाला चटका. आणखी काहीतरी.

७ डिसेंबर, रविवार

पहिला प्रयोग, सौ.च्या हातचा रस्सा. आईला अळ्यांची धास्ती. मीठ-हळदीच्या कढत पाण्यात गड्डा घातला, आणि अळ्या निघेपर्यंत काढायचा नाही असा तिचा हुकूम. अळ्या नव्हत्याच, त्यामुळे निघाल्या नाहीत. तास गेला. नंतर जे पातेल्यात गेले ते फोडणी दिलेले ओले पुठ्ठे होते. घरभर वास. आजोबांविषयी आदर वाढला.
आई एक घास खाऊन म्हणाली, "यासाठी का माणूस केनवडला राहत होता?"

९ डिसेंबर, मंगळवार

दुसरा प्रयोग बरा. पाण्याशी संबंध फक्त धुण्यापुरता. तुरे बारीक, दांडे त्याहून बारीक. लोखंडी कढई, तेल सढळ, मोहरी, हिंग, आले, हिरवी मिरची. झाकण नाही. झाकण ठेवले की ही बाई रडायला लागते. कडा तांबूस झाल्या की ज्वारीचे पीठ पेरायचे आणि हात राखून परतायचे. दांडे कुरकुरीत, तुरे मऊ. मी दोन भाकरी खाल्ल्या आणि कोणाला सांगितले नाही. सौ.ने मोजल्या होत्या.
संपादकांसाठी मजकूर सुरू केला. "फुलकोबी ही स्वभावाने भिडस्त भाजी असून..." खोडले.

१४ डिसेंबर, रविवार

केनवड. मालेगावपर्यंत एस.टी., पुढे काळी-पिवळी.
किसनकाका (पुढे कि.का.) थकलेत. कानाला कमी. आवाज मात्र बांधावरून बांधावर जाईल असा. "ये बापू. गुरुजीसारखाच चालून राह्यला तू, मान खाली. काय हरवलं?"
म्हटले, चव हरवली, आईला पाहिजे.
बराच वेळ हसले. मग सुनेला हाक मारली, विस्तव करायला लावला. ज्वारी हुरड्यात आलीच आहे. खड्ड्यात गोवऱ्यांचा आर. गड्डा अख्खा, बाहेरची हिरवी पाने न काढता, उलटा आरात खुपसला. वर राख. पाने जळतात, आतले त्याच्याच वाफेत शिजते.
"पाने काहून काढता तुमी लोक? त्येचंच तं झाकण हाय."
जळकी पाने सोलली. आतून निघाला तो हस्तिदंती, टोकांना तपकिरी. हाताने फोडायचा, जवसाची चटणी, त्यावर कच्चे तेल, मीठ. पहिला घास घेतला आणि मी नऊ-दहा वर्षांचा, समोर अण्णा धोतर खोचून उकिडवे, बोटे चाटताहेत, आणि ज्या तोंडाने सकाळी शाळेत विभक्ती म्हणवून घेतल्या त्याच तोंडाने म्हणताहेत, "किसन, मिरची कमी पडली रे."
आणखी काहीतरी होते ते हेच. घरी अण्णा कधी काही कमी पडले असे म्हणत नसत.
निघताना आईचा निरोप सांगितला: सप्तमीला जेवायला या.
कि.का.नी आरावर राख ओढली. मग म्हणाले, "मी श्राद्ध मानत नाई, बापू. माह्या बापानं प्रतिज्ञा घेतली, मी पाळतो. पिंड-गिंड तुमचं तुमी उरका. ते झाल्यावर जेवाले येईन. गुरुजी माह्या घरी वर्सानुवर्स जेवले, म्या त्यायले त्रिशरण म्हनाले लावलं नाई."

१८ डिसेंबर, गुरुवार

भटजी मोटारसायकलवर आले, सामानाची यादी सांगायला. तरुण आहेत, मोबाइलवर पंचांग बघतात. फुलकोबीचे विचारले.
निषिद्ध काय ते मीही पाठशाळेत घोकले आहे. लसूण, कांदा, मसूर, वांगे आणि बरेच. फुलकोबी नाही. ज्यांनी नियम केले त्यांनी ती पाहिलीच नव्हती. पाहिली असती तर मनाई केली असती की दोन वेळा वाढा म्हटले असते, कोण सांगणार?
भटजी म्हणाले, "शास्त्राची अडचण दिसत नाही. पण मी हो म्हणालो असं सांगू नका."
आईने तोड काढली. लसूण नाही, मिरची नाही. मिरे, आले, तूप. जवसाऐवजी तीळ. भाजायची मात्र आरातच.

२१ डिसेंबर, रविवार

दत्तूकाका रिसोडहून आले. अण्णांचे धाकटे भाऊ. घरात आता त्यांच्यापेक्षा मोठे पुरुषमाणूस नाही, म्हणून पंगतीत पहिले पान त्यांचे. आई त्यांच्या शब्दाला मान देते. लग्न होऊन आली तेव्हा ते चड्डीत होते, तिनेच वाढवले म्हणायला हरकत नाही.
"वहिनी, श्राद्धाला फुलगोबी? आबांनी कधी उंबऱ्याच्या आत घेतली नाही."
"यांनी उंबऱ्याच्या बाहेर खाल्ली, भावजी."
"कुठे खाल्ली ते माहीत आहे मला."
तेव्हा कळले. काकांचा राग भाजीवर नाही.
आई म्हणाली, किसनभाऊही जेवायला आहेत. काका उठले. टोपी घातली. "मग माझं पान मांडू नका."
आई दारापर्यंत गेली. हात धरला नाही. परत येऊन म्हणाली, "भूक लागली असेल त्याला. जेवला पण नाही."
मी शास्त्रार्थ करायला तयार होतो. कोणी विचारले नाही.

२३ डिसेंबर, मंगळवार

काकांना फोन. उचलत नाहीत. काकू उचलतात, म्हणतात, "ते झोपलेत." मागून काकांचा खोकला.
किसनकाकांना कुठून तरी कळले. फोनवर म्हणाले, "मी येत नाई. भाजी धाडतो. एका पानासाठी घर तुटू नये."
आईने फोन घेतला. ती कि.का.शी आयुष्यात पहिल्यांदा बोलली. "भाजी आली अन् तुम्ही नाही आले, तर मी भाजी करणार नाही. यांचं पान मग रिकामंच राहील. बघा."
तिने फोन कानाशी घट्ट धरला. आई म्हणाली, "हो, ऐकू येतंय ना तुम्हाला?" मग हसली. काय बोलले ते सांगत नाही.

२५ डिसेंबर, गुरुवार

संपादक: "फुलकोबी कुठे?"
म्हटले, चौकशी चालू आहे.
रात्रीच्या जेवणाला कच्चे लोणचे. तुरे, गाजर, मटार, मोहरीची पूड फेसून, लिंबू. सौ.चे माहेरचे. इतकी वर्षे ती ते माहेरी जाऊन खात होती. या घरात नियम एकाचा आणि खाणारे सगळे बाहेर.
काका लहानपणी पंगतीत नको असलेली भाजी पत्रावळीखाली सरकवायचे. पानात टाकायचे नाही, ही आबांची शिस्त, आणि पानाखालचे आबांना दिसत नसे. पंगत उठली की जमिनीवर कारल्याच्या चकत्या. आई निमूट पुसून घ्यायची, आबांना कळू द्यायची नाही. आज जेवताना तिने ही गोष्ट पुन्हा सांगितली. सांगताना दाराकडे बघत होती.

२६ डिसेंबर, शुक्रवार

कि.का. संध्याकाळीच आले, नातवाच्या मोटारसायकलवर मागे, मांडीवर गड्ड्यांचे पोते. मुक्कामाला आमच्याकडे नाही, चुलतबहिणीकडे उतरले. जाताना मागच्या अंगणात खड्डा बघून गेले. "उथळ हाय. दोन वीत खाली घ्या."
मी आणि सौ. खणतो आहोत. एम.ए. संस्कृत.

२७ डिसेंबर, शनिवार. पौष शुद्ध सप्तमी

क्रमाने लिहितो, नाहीतर विसरेन.
श्राद्ध उरकले. तेवढा वेळ कि.का. मागे अंगणात, विस्तवाशी. आई ओल्या लुगड्याने मधूनच मागे जाऊन आली. ऐकले ते एवढेच:
"गुरुजी घाई करायचे. कच्चंच काढ म्हनायचे."
"घरी तर गार झालं तरी बोलायचे नाहीत."
"मंग तुमी त्यायले पाह्यलंच नाई, वहिनी."
"तेच तर बघायचंय."
अण्णांचे पान वाढले. खीर, वडे, भोपळा, कढी. आईने मधोमध एक तुरा ठेवला, टोके तपकिरी, वर तीळकूट आणि तूप. मग थोडे मागे सरून पाहिले आणि आणखी मिरपूड घातली. "कमी पडायला नको."
आमची पाने मांडताना तिने पहिले पान काकांचे मांडले. समोर कि.का.
सगळे वाढून झाले तरी आई 'बसा' म्हणेना. भटजी घड्याळाकडे. फाटक वाजले.
काका. सोवळे नेसूनच आलेले, वर स्वेटर. कोणाकडे पाहिले नाही. पाय धुतले. पहिल्या पानावर बसले. समोर कि.का. म्हणाले, "या दत्तूभाऊ."
"हं."
एवढेच संभाषण.
फुलकोबी तेवढी आईने स्वतः वाढली. काकांच्या पानाशी आली, हातात तुरा, थांबली. काकांनी पानावर हात आडवा धरला नाही. होही म्हटले नाही. तिने वाढला.
कि.का. पहिला घास घेऊन म्हणाले, "वहिनी, मिरची कमी पडली." आई खांबाला धरून इतकी हसली की तिला खाली बसावे लागले. मग पदर डोळ्यांना. बराच वेळ.
मी माझ्या पानात बघून जेवलो. काकांकडे बघितले तर ते बघतील म्हणून. पंगत उठली तेव्हा त्यांचे पान साफ. खीर नाही, वडा नाही, फुलकोबी नाही.

२८ डिसेंबर, रविवार

संपादकांना मजकूर धाडला. फुलकोबी खावी. पाण्यात बुडवू नये, झाकण ठेवू नये, पाने लगेच काढू नयेत. ते म्हणतात, रुक्ष आहे.
सौ. सकाळपासून एकच विचारते: "काकांनी खाल्ली का हो?"
काल पंगत उठल्यावर पाने उचलायला मी वाकलो होतो. आईने माझा हात बाजूला केला. काकांचे पान तिने स्वतः उचलले, दुमडून, अलगद. मी फडके आणायला आत गेलो. येईपर्यंत तिने तेवढी फरशी पदराने पुसून घेतली होती.