भरीव आवाज

सोमवार
आज कामावर आलो. जागा छान आहे. वरच्या मजल्यावर एक लांबलचक खोली, जमीन सगळी लाकडी, खिडक्यांतून भरपूर ऊन. मालकीणबाईंना मध्ये पार्टिशन घालून दोन खोल्या हव्यात. काम संपेपर्यंत राहायचंही इथेच. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, मिस्त्री. मी त्याच्या हाताखाली. पार्टिशनचं वजन खालच्या पट्टीवर येतं, म्हणून ती तुळईवरच ठोकावी लागते. जमिनीवर टकटक करत जायचं: पोकळ आवाज आला तर नुसती फळी, भरीव आला तर खाली तुळई. मी शोधून खडूने रेघ मारली. दादा म्हणाला, काय डॉक्टर, पेशंट जिवंत आहे ना?

मंगळवार
रेघ जागेवर आहे, पण तिथे आवाज पोकळ. भरीव आवाज वीतभर सरकलाय. पुन्हा पुन्हा तपासलं. एक फळी उचलून बघू या म्हटलं, तर दादा म्हणाला, काल कान घरी विसरला होतास, दुसरं काही नाही. फळ्या उचलत बसलो तर म्हातारे होऊ. नव्या जागी त्याने पट्टी ठोकली. ठोकायची त्याची सवय ठरलेली, दोन हलके ठोके आणि एक जोराचा. शेवटचा खिळा जाताना जमीन कण्हली. जुनं लाकूड, म्हणाला. पण काम करताना घालत होता ती शीळ थांबली.

बुधवार
पार्टिशनच्या एका बाजूच्या फळ्या मारून झाल्या. मला राहवेना. दादा हात धुवायला गेला तेव्हा जमिनीची फळी उचलली. तुळया दोन्ही बाजूंना हातभर लांब आहेत. पट्टीखाली तुळई नाहीच. खिळ्यांची टोकं मोकळ्या हवेत, आणि ओली.
दादाला दाखवलं. हसला नाही. म्हणाला, तू खाली जा, आईला फोन कर, उद्या येतो म्हणून सांग. पट्टी मी काढतो.
वर आलो तर दादा नाही. चपला आहेत, हातोडा आहे. पार्टिशन दोन्ही बाजूंनी बंद.

गुरुवार
मालकीणबाई म्हणाल्या, जिना एवढा करकरतो, कोणी उतरलं असतं तर कळलं असतं. तुझा दादा भला माणूस होता, म्हणाल्या. होता.
पार्टिशनवर टकटक केली. पोकळ, पोकळ. मग एका जागी भरीव. दादाच्या उंचीएवढं. हाक मारली. आतून दोन हलके, एक जोराचा.

शुक्रवार
फळ्या निघत नाहीत. खिळे उपटतो, ते परत आत जातात. भरीव आवाज सकाळी छातीशी होता, आता गुडघ्याशी —
आईचा फोन. येतो म्हटलं. दोघंही.

शनिवार
फळी निघाली. आत दादा नाही. ठोके जमिनीखालून. खोलीभर टकटक केली. सगळीकडे पोकळ. भरीव फक्त माझ्या पायाखाली. मी सरकलो की तेही —
दोन हलके.
तिसरा अजून —