चहासुद्धा पाजला नाही

२८ ऑक्टोबर

झालं एकदाचं उद्घाटन! साहेब उशिरा आले, नारळ फुटता फुटेना, आणि फीत कापायची कात्री आणायला सगळेच विसरले. शेवटी बेबीबाईंनी घरून शिवणकामाची आणली. साहेबांनी त्या बोथट कात्रीनं फीत अक्षरशः चावून तोडली.

पण शेड उभं राहिलं. बायकांच्या गटाचं, आमच्या ब्राह्मणपुरीतलं! आत पंचायतीच्या पैशातून आलेला ड्रायर, निळ्या ताडपत्रीखाली, झेंडूची माळ घालून बसलेला. आता मिरची उघड्या रानात पथारीवर वाळवायला नको. धूळ नको, पावसाची धास्ती नको. सुरतचा व्यापारी म्हणालाय, स्वच्छ माल दाखवा, दर वर्षी घेतो. बेबीबाई गटाच्या अध्यक्ष. त्यांनी सुनेला सांगूनच टाकलं, यंदा गुजरातेत मजुरीला जायचं नाही.

आबा सरपंच म्हणून बोलायला उभे राहिले आणि गाडी नेहमीसारखी माझ्यावर आली. "मन्ही पोरगी मास्तरीण व्हयनी, कोणले एक कप चहासुद्धा पाजा नही!" जूनपासून हेच चाललंय, प्रत्येक लग्नात, प्रत्येक पारावर. मी मान खाली घातली. पण इथे कोण बघतंय — ऐकायला छान वाटतं. संस्थेच्या शाळेत नोकरी आणि तीही फुकटात! अख्ख्या शहादा तालुक्यात दुसरी दाखवा.

३ नोव्हेंबर

ड्रायर बंदच. लाइटचं कनेक्शन यायचंय म्हणे. आबा म्हणाले, चार-आठ दिवस.

१२ नोव्हेंबर

नववीला अर्थशास्त्र घेतलं. विकसनशील देश. मागच्या बाकावरची एक पोरगी विचारते, मॅडम, आपण अजून किती वर्षं विकसनशीलच राहणार? मी म्हटलं, आमच्या गटाचा ड्रायर सुरू होऊ दे, मग बघ. वर्ग हसला. मीपण हसले.

कनेक्शन आलंय. गटानं ओली मिरची घेऊनसुद्धा टाकली. आबा मात्र म्हणतात, कंपनीचा माणूस येईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. कुठला माणूस, कधी येणार, पत्ता नाही. तोवर मिरची आहे पथारीवरच.

१५ नोव्हेंबर

आभाळ भरून आलं. बायका म्हणाल्या, कंपनीचा माणूस गेला उडत, आपणच बटण दाबू. अर्थात मीच पुढे! ताडपत्री ओढली. दार उघडलं. आत मांजर व्यायलेली. पिल्लं अजून डोळे मिटलेली.

बाकी काही नाही. पंखा नाही, कॉइल नाही, वायरसुद्धा नाही. निळा रंग मारलेला पत्र्याचा डबा आणि पुढे चिकटवलेली बटणं! बेबीबाईंनी मागच्या भोकातून हात घातला आणि पुढच्या दारातून मला हलवून दाखवला. "ताई, ही तं कोठी शे." हसल्या त्या. एकट्याच. मग पाऊस सुरू झाला आणि आम्ही सगळ्या पथारीकडे पळालो.

१८ नोव्हेंबर

मिरची गेली. काळी पडली, हात लावला की चिकट. आबा म्हणाले, ठेकेदारानं फसवलं असेल, बघतो. हे बोलताना चप्पल शोधत होते. चप्पल पायातच होती.

२२ नोव्हेंबर

सुरतचा व्यापारी येऊन गेला. मिरची चोळून पाहिली, हात झटकले. डबाही पाहिला. वाकडं काही बोलला नाही, त्याचंच जास्त लागलं. म्हणाला, "बहेन, माल तुमचा चांगला. पण इथे कशाचा भरवसा नाही." आता तो तिकडेच, गुजरातेतच घेणार. तिथे कुणीतरी शेड टाकलंय, आत मशीन असलेलं.

बेबीबाईंची सून बारडोलीकडे ऊस तोडायला गेली. टेम्पोत उभी होती, कडेवर लेकरू. मी हात केला. तिनं पाहिलं नाही. की पाहिलं?

२३ नोव्हेंबर

ठेकेदार प्रेमचंद स्टँडवर भेटला. चार माणसांत झाडला त्याला. तो शांतपणे ऐकून घेतो आणि म्हणतो, "ताई, सरपंचांच्या होकाराशिवाय बिल निघतं का? घरी विचारा."

घरी विचारलं. आबा जेवत होते. भाकरी मोडत राहिले. नाही म्हणाले नाहीत! एक 'नाही' म्हणायचं होतं आबा, मी मानलं असतं. प्रेमचंदला खोटं पाडलं असतं मी साऱ्या गावात. दुसरीत असताना कुणाचीतरी पेन्सिल माझ्या दप्तरात आली, तर याच माणसानं मला उन्हात चालवत नेऊन ती परत द्यायला लावली होती. तो माणूस कुठे गेला? की तेव्हाही तो नव्हताच?

रडून झालं. अर्ज लिहून झाला. उद्या नंदुरबारला जाऊन कलेक्टर ऑफिसात देणार, आबांचं नाव घालून. बेबीबाईंना सांगूनही आले. म्हणाल्या, ताई, तुमच्या नोकरीवर तर येणार नाही ना काही? मी म्हटलं, कोण काय करणार माझं? चहासुद्धा न पाजता लागलेली बाई आहे मी.

२४ नोव्हेंबर

बसला निघाले तर माय दारात आडवी. आबा ओट्यावर, तोंडापुढे पेपर. मायनं हळू आवाजात सांगितलं, दूध नासलं असं सांगावं तसं. संस्थेच्या चेअरमनला द्यायला घरात काही नव्हतं. ड्रायरचं बिल उन्हाळ्यातच निघालं. जूनमध्ये मी शाळेत लागले.

"तुन्ही ऑर्डर त्या डबामाईनच निंघनी, रंजू."

मी वेड्यासारखी विचारत राहिले — आणि माझा नंबर? मुलाखतीत मी पहिली आले होते ना? की तेही खोटं?

"पहिली तं तू व्हतीच. पहिलीलेबी देनं पडस."

आबांनी पेपरचं पान उलटलं. बस गेली असेल तेव्हाच.

२६ नोव्हेंबर

बेबीबाई आल्या होत्या. विचारत होत्या, ताई, अर्ज दिला का. मी म्हटलं, आधी बसा तर खरं, चहा ठेवते.