बंदूक परत माग

यान्सीव्हिल, नॉर्थ कॅरोलायना
२४ एप्रिल १९८६

चि. विनय यास,

अनेक आशीर्वाद. आम्ही इथे बरे आहोत. सीमाचा खोकला गेला का? तिला म्हणावं, सूनबाई, मध आणि आलं घे, फार्मसीतली ती गुलाबी बाटली नको.

पोस्ट ऑफिसातून तुला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तुझ्या त्या यंत्राने मला बीपनंतर निरोप ठेवायला सांगितलं. यंत्राला निरोप देण्याइतकी मी अजून अमेरिकन झालेले नाही. घरून फोन करता येत नाही, तुझे बाबा शेजारीच बसलेले असतात. पत्र मराठीत लिहिते आहे. नन्सनी मला उत्तम इंग्रजी शिकवलं, पण त्या इंग्रजीत धड रागावता येत नाही. दर दोन वाक्यांनी 'प्लीज' येतं.

आणि मला रागवायचं आहे. निवृत्त झाल्यावर बापाला कुणी घड्याळ देतं, कुणी शाल देतं. तू बंदूक दिलीस! घरात झुरळ निघालं तर मला हाक मारणाऱ्या माणसाला! वर तो हॉवर्ड. बाबांनी त्याच्या पित्ताशयातले खडे काढले, त्या उपकाराची फेड म्हणून त्याने बाबांना रानटर्की पक्ष्याच्या शिकारीच्या नादी लावलं.

आमच्या मागच्या रानात एक म्हातारा नर टर्की आहे. जात मोठी संशयी. त्याला मादीच्या आवाजाने बोलवायचं असतं. त्यासाठी एक लाकडी डबी मिळते. तिचं झाकण कडेवर घासलं की टर्कीण कुरकुरल्यासारखा आवाज निघतो. नर लांबून उत्तर देतो, थोडा पुढे येतो आणि अडून बसतो. त्याच्या मते बाईनेच उठून यायला हवं. (स्वभाव ओळखीचा वाटला.) तुझे बाबा रोज उजाडायच्या आत हिरवे-तपकिरी कपडे चढवून झाडाला पाठ टेकून बसायचे आणि त्याची मनधरणी करायचे.

मी म्हटलं, "माझ्यासाठी कधी एवढं केलंत?"

"तू एवढी सावध नव्हतीस," म्हणाले.

तेव्हा हसले मी. आता लिहिताना हसू येत नाही.

गेल्या रविवारी मी तुला फोनवर सांगितलं की पायरीवरून घसरले, खांदा दुखावला. मी घसरले नव्हते.

शनिवारी तुझे बाबा डबी स्वयंपाकघरातल्या टेबलावरच विसरून गेले. उजाडल्यावर मी ती आणि चहाचा थर्मास घेऊन रानात गेले. गारठा होता, म्हणून डोक्याला लाल रुमाल बांधला होता. त्याखाली माझे पांढरे केस, अंगात निळा स्वेटर. वसंतात या रानात लाल, पांढरं, निळं घालून जायचं नाही असा नियम आहे, कारण नर टर्कीचं डोकं याच तीन रंगांचं असतं. हॉवर्डने तो बाबांना सांगितला होता. बाबांनी मला सांगितला नाही. मी कधी रानात जाईन, असं कुणाला वाटलंच नव्हतं.

हाक मारायला हवी होती. पण काय म्हणून? सगळा संसार 'अहो'वर झाला, आणि 'अहो' रानात ओरडता येत नाही. 'पुरुषोत्तम' म्हणायला जीभ उचलेना. शिवाय माझ्या ओरडण्याने तो नर पळाला असता तर पुढचा पावसाळा येईपर्यंत ऐकून घ्यावं लागलं असतं. म्हणून मी डबी घासली. थोडी थट्टाही होती त्यात. म्हटलं, घ्या, आली तुमची टर्कीण.

त्यांनी गोळी झाडली.

हॉवर्डचा आणखी एक नियम आहे: नराच्या छातीवर केसांचा काळा झुपका असतो, तो दिसल्याशिवाय चाप ओढायचा नाही. बाबा म्हणतात, दिसला. थर्मासचा काळा पट्टा असावा.

बरेच छर्रे झाडाला लागले, काही माझ्या डाव्या खांद्यात आणि दंडात. तुझ्या बापाला धावताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. शर्ट फाडून पट्टी बांधली. हात जराही हलला नाही. "बोलत राहा," म्हणाले, "काहीही बोल, शिव्या दे." मी दिल्या. त्यातली एकही कॉन्व्हेंटमध्ये शिकवलेली नव्हती.

मग वनखात्याचा ऑफिसर आला. "मॅम, डबी तुम्ही वाजवत होता?"

"होय."

"डोक्याला हा रुमाल होता?"

"होय. पुढच्या वेळी तुम्हाला विचारून बांधीन."

तो हसला नाही. अपघात अशी नोंद झाली आणि त्याने नेलेली बंदूक मंगळवारी घरी परत आली.

माझा खांदा भरून येईल. त्यासाठी हे पत्र नाही.

बाबांचे हात आता थरथरतात. ताटावर बसतात आणि न जेवताच उठतात. मी टोमणा मारला तर उत्तर देत नाहीत. हे किती वाईट आहे, ते फक्त तुला कळेल. शिकारीचा परवाना त्यांनी फाडून टाकला, पण बंदूक रोज गॅरेजमध्ये नेऊन पुसतात. काल म्हणाले, "घर तुझ्या नावावर केलं की मी मोकळा."

"कशातून मोकळे?"

"कागदपत्रांतून."

काडतुसांचा खोका मी डाळीच्या डब्यांमागे लपवला होता. आज सकाळी तो तिथे नव्हता.

याहून स्पष्ट मला लिहायला लावू नकोस.

म्हणशील, बंदूक हॉवर्डकडे का देत नाहीस? मी ती घराबाहेर काढली तर त्यांना कळेल की मला कळलं आहे. आहे तीच लाज त्यांना पेलत नाही, तिच्यात ही भर घालू? पण मुलगा मागायला आला तर बाप देतो. म्हण, मित्रांबरोबर शिकारीला जायचंय, माझी मला परत द्या, काडतुसंही द्या. खोटं बोल, मी परवानगी देते. बंदूक तुझ्या हातात आली की त्यांना डॉक्टरकडे नेऊ. मी सुचवलं तर म्हणतात, "मीच डॉक्टर आहे."

पत्र एक्स्प्रेसने टाकते आहे. तू येईपर्यंत माझा एकच उद्योग: सारखी त्यांना पट्टी बदलायला लावते. सैल झाली म्हणते, टोचते म्हणते. बदललेली पट्टी न्हाणीघरात जाऊन स्वतःच सोडते आणि पुन्हा हाक मारते. तेवढा वेळ ते माझ्यासमोर असतात.

उत्तर लिहू नकोस, टपाल पेटीतून तेच आणतात. फोनही नको. सरळ विमानात बस. आणि दारात त्यांना पाहून रडू नकोस, नेहमीसारखा भांड.

उरलेले आशीर्वाद आल्यावर देईन. आधी ये.

आई