ढिली केबल

बाबा, आता कॅमेऱ्याला कोणी डोळा लावत नाही. तुम्ही हसाल, पण मी लग्नाच्या शूटिंगला माझा मोबाइल घेऊन जाते, तो कॅमेऱ्यात काय दिसून राहिलं ते पाहायला. पाहुणे आपापले मोबाइल डोक्यावर धरून समोर उभे राहतात, नवरा-नवरी दिसतच नाहीत. मग कॅमेरा उंच स्टँडवर चढवायचा, त्याची केबल खाली आणायची आणि स्टँडलाच छातीच्या उंचीवर अडकवलेल्या मोबाइलवर सगळं पाहायचं. बूढ़ापारा मोहल्ल्यातल्या एका दुकानदार भैयानं ही जोडणी शिकवली. उन्हात पडदा दिसत नाही म्हणून मी ओढणी वर घेऊन आत डोकं घालते. आई म्हणते, बापाचीच पोट्टी शोभतेस.

तुमच्या वेळी जे दिसायचं ते तुम्हालाच. आठवडाभर सिलतऱ्याच्या लोखंडाच्या प्लांटात ड्युटी, रविवारी समाजातली लग्नं. काळ्या रबराच्या त्या भोकाला उजवा डोळा लावलेला, डावा मिटलेला. घरी आले की डोळ्याभोवती गोल वळ दिसायचा. आई पोळ्या शेकता शेकता म्हणायची, आले बाई अर्धा चष्मा लावून. तुम्ही तसेच ताटावर बसायचे. ते ताट, तो वळ, तुमच्या शर्टाचा लोखंडी वास, सगळं मला अजून हवं आहे बाबा.

एकदा तुम्ही कॅमेरा माझ्या हाती दिला होता. आपल्या बौद्ध लग्नात नवरी पांढऱ्या साडीत, आणि मी साडीचा पांढरेपणा जपायला उजेड इतका कमी केला की तिचं तोंडच काळवंडलं. टीव्हीवर पाहताना तुम्ही रागावले.

"साडी नोको पाहू, पोट्टीचं तोंड पाह्य. साडी त दुकानात बी भेटते."

आणि तुमची ती रीत. वंदना सुरू व्हायच्या आधी तुम्ही नवरीच्या आईला बोलावून घ्यायचे. ती बिचारी कुठंतरी चुलीवरच्या वरणाच्या गंजापाशी असायची. तुम्ही बाजूला सरकायचे आणि तिला डोळा लावायला सांगायचे. सकाळपासून जिला पोरीकडं पाहायची फुरसत नाही, ती त्या भोकातून पाहायची आणि तिथंच थबकायची. भंतेजी ताटकळत असले तरी तुम्ही तिला घाई केली नाही.

ती रीत मी सोडलेली नाही. परवाच्या लग्नातही नवरीच्या आईला बोलावलं, ओढणी तिच्या डोक्यावरून घेतली. ती मोबाइलवर पोरीला पाहून राहिली होती, तेवढ्यात तिचा हात लागून ढिली केबल निसटली. नवरी गेली आणि मोबाइलच्या पडद्यावर मी कायमचा ठेवलेला तुमचा फोटो आला. इतकी लग्नं तुम्ही कॅमेऱ्यात काढली, त्यात तुमचा खोकला आहे, "जरा इकडं पाहा" आहे, तुम्ही कुठंच नाही. हा एवढाच एक फोटो, त्यातही सवयीनं डावा डोळा मिटलेला.

हे कोण, तिनं विचारलं. माझे बाबा, मी म्हटलं, आधी तेच शूटिंग करायचे. ती फोटोजवळ तोंड नेऊन पाहत राहिली.

"हव, हेच होते. माह्या लग्नात यायनंच माह्या आईले पाहायले बोलावलं होतं. आई मरेपर्यंत सांगे."

केबल परत खोचताना मला डोळ्यांतल्या पाण्यानं काही दिसेना. तिनंच मग ओढणीनं माझं तोंड पुसलं, आणि समोर वंदना सुरू झाली.

हे त्याच मोबाइलवर लिहून राहिली आहे. तुमचा नंबर अजून आहे यात, पण तो आता दुसऱ्या कोणाला मिळाला असेल, म्हणून पाठवत नाही. दुकानदार भैयानं नवी केबल दिली आहे, म्हणाला, दीदी, पुरानी ढीली हो गई, बदल लो. ती बॅगेतच पडून आहे. मी लावली नाही, बाबा.