आल्प्सची तयारी, मुक्काम जिदहफ्स, बहरीन

२ मे, शुक्रवार
जुलैत लग्नाला पंचवीस वर्षं. बेनिटाला सोनं नको, पार्टी नको. आल्प्समध्ये डोंगरावरच्या हटमध्ये एक मुक्काम हवा, माझ्यासोबत. तिथे गाडी जात नाही, दोघांनी चालत चढायचं. दिला शब्द! तिचा भाऊ विल्सनही येतोय, म्हणे मदतीला. हा काय मदत करणार, कपाळ! कोल्ड स्टोअरसमोर, म्हणजे इथल्या वाण्याच्या दुकानासमोर, हॉर्न वाजवून चहा गाडीत मागवणारा माणूस. मीही मागवतो, पण मला घाई असते.

९ मे
इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून चर्चही शुक्रवारी. तिथून आल्यावर सराव. बहरीनमध्ये चढ नाही, हा देशाचा दोष. म्हणून बिल्डिंगचा जिना. बेनिटा शिफ्ट संपवून आली आणि पाठीवर तांदळाची पिशवी घेऊन थेट गच्चीपर्यंत. नर्सबाईंना वॉर्डात पळायची सवय, टेक्निक शून्य. मी तिसऱ्या मजल्यावर थांबून श्वासाचा अभ्यास केला. पुढे लिफ्ट.

२३ मे
मॉलच्या पार्किंगचा रॅम्प. डिट्टो आल्प्स. दुसऱ्या वळणावर सिक्युरिटीवाल्याने विचारलं, गाडी सापडत नाही का. अशा माणसाला ट्रेकिंग काय समजावणार? नाही सापडत, म्हटलं. त्याने बग्गीत बसवून सगळे मजले फिरवले. रॅम्पचा अभ्यास पूर्ण.

१३ जून
जबल दुखान. देशातला सर्वांत उंच डोंगर, म्हणे. डोंगर! वसईत याच्याकडे कोणी वळूनही बघणार नाही. जाईल तिथवर गाडीनेच गेलो, पण एसी बंद ठेवून. शर्ट पिळून काढला. म्हणजे चढल्यासारखंच. मागून मेलिसा म्हणाली, डॅड, सीरियसली? स्वतःच्या बापाशी मराठीत बोलता येत नाही आणि चालली अक्कल शिकवायला. विल्सन सखीरजवळ वाळूत चालायला बोलावत होता. वाळूत उंट चालतात.

३ जुलै
नवे बूट दिवसभर ऑफिसात घालून बसलो. बूट तयार. बेनिटाने विचारलं, नक्की जमेल ना, नसेल तर आत्ताच सांग, आपण दुसरं काहीतरी ठरवू, मी रागावणार नाही. मी म्हटलं, शेवटी तुलाच ओढत न्यावं लागणार आहे. ती हसली नाही.

१८ जुलै, स्वित्झर्लंड. सकाळ
निघालो. हवा पातळ. इथली कॉफीसुद्धा पातळ. गाव नजरेआड व्हायच्या आत गुडघा धरला. बेनिटाने सॅक खाली ठेवली, मीही परत येते म्हणाली. मी म्हटलं, तू हो पुढे, मी दुपारपर्यंत गाठतोच. ती बराच वेळ तिथेच उभी होती. विल्सनने सॅक उचलून तिच्या हातात दिली. आगाऊ माणूस.

संध्याकाळ
बेनिटाचा फोन, हटवरून. पोचली. आवाजात काय आनंद! म्हणाली, इथून गाव दिसतं, विल्सनची दुर्बीण घेऊन उभी आहे, हॉटेलसमोर ये आणि हात हलव, तेवढंच दोघांनी मिळून बघितल्यासारखं होईल.
माझी खोली मागच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. या भिकार हॉटेलला लिफ्ट नाही. आलो, म्हटलं. बूट शोधत होतो, तेवढ्यात ती ओरडली, दिसलास, दिसलास, लाल जॅकेट!
माझं लाल जॅकेट खुर्चीवर होतं.
हो, मीच, म्हटलं.
मग ती रडायलाच लागली. किती जोरात हात हलवतोयस रे, म्हणाली, गुडघा दुखत असेल, बस आता.
मी पलंगावर बसलो.